नाल्यापलीकडची रेंज

खेमसिंग नाईकानं खांबाच्या ताणतारेला पान्हा लावला आणि अंगाचा सगळा जोर देऊन एक आटा फिरवला. तार सैल पडली. वर बसवलेली पांढरी डिश किंचित थरथरली. तेवढ्यात टेकडीखालून पळत आलेली ममता धापा टाकत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“नाईक, हे काय करून राह्यले तुम्ही?”

“दिसत नाही काय? खांब उतरवून राह्यलो.”

“काहून पण?”

कमरेला हात लावून खेमसिंग सरळ झाला आणि त्यानं खाली पसरलेल्या आपल्या शेताकडे बोट केलं. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली होती आणि हिरवीगार दिसत होती; रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, यंदा नाईकाचं घर कापसानं भरणार. पण आठवड्यापासून बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघत होती. सरकी खाऊन टाकलेली, रुई पिवळी पडून चिकटलेली. वाघदऱ्यात एकाही घरचं शेत सुटलं नव्हतं.

“हे ह्या खांबानं केलं,” तो म्हणाला. “ह्याच्यातून लहरी निघतेत. त्याच्या गरमीनं अंडे उबतेत. डॉक्टर सांगत होता, पांढरा कोट घातलेला. मी आपल्या डोळ्यानं पाह्यलं.”

“कुठी पाह्यलं?”

“मोबाइलवर.”

तो व्हिडिओ ममतानंही पाहिला होता. तो ज्या वाटेनं तांड्यात आला होता, ती वाट ह्याच खांबावरून जात होती. हे नाईकाला ऐकवणं सोपं होतं, पण ऐकवून खांब वाचणार नव्हता.

टेकडी खेमसिंगच्या, तांड्याच्या नाईकाच्या म्हणजे प्रमुखाच्या, मालकीची होती. दीड वर्षापूर्वी पुसदची संस्था गावात आली, तेव्हा त्यानंच जागा दाखवली होती. “लावा, गावाचं भलं होत असन तं लावा,” असं म्हणून त्यानं नारळही फोडला होता. त्याआधी वाघदऱ्यात रेंज म्हणजे बाभळीवर चढून शोधायची गोष्ट होती. खांब उभा राहिला, फुलसावंगीकडून नेट आलं आणि नाल्याच्या अलीकडच्या बंजारा तांड्यावर एक, पलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या समाजमंदिरावर एक अशी दोन यंत्रं बसली. ममता त्या वस्तीतली सून. बारावी झालेली म्हणून संस्थेनं केंद्राचं काम तिच्याकडे दिलं. दुपारी बायका रानातून आल्या की ती समाजमंदिरात चटई टाकून त्यांना शिकवी. ज्या बायका आधी स्क्रीनला बोट लावायलाही भीत होत्या, त्या आता पुण्यात कामाला गेलेल्या लेकांना दटावून विचारत होत्या, की काल जेवला काहून नाही. वस्तीतल्या मोनालीनं नर्सिंगच्या परीक्षेचा अर्ज इथूनच भरला होता. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना पेन्शनच्या अंगठ्यासाठी महागावला खेटे घालावे लागत नव्हते.

आणि उकंडा. तो आत्ता खेमसिंगच्या मागे पान्ह्यांची पिशवी धरून उभा होता. पावसाळ्यात फवारता फवारता तो बांधावरच कोसळला होता, तोंडाला फेस आला होता. ममतानं संस्थेच्या डॉक्टरला फोनवर तो फेस दाखवला. डॉक्टरनं कपडे काढून अंग धुवायला सांगितलं आणि पुसदहून गाडी धाडली, म्हणून तो आज पिशवी धरून उभा होता. ममतानं त्याच्याकडे पाहिलं. उकंडानं नजर खाली घातली.

“नाईक,” ती म्हणाली, “सुखीबाईच्या तांड्यावर टॉवर आहे काय?”

सुखीबाई ही खेमसिंगची थोरली बहीण. डोंगरापलीकडे मोरखंडीच्या तांड्यावर दिलेली.

“तिथं कायचा टॉवर? तिथं लाइटच धड नाही.”

“मंग तिथी अळी नसन.”

खेमसिंगनं पान्हा खाली घेतला.

“आपण जाऊन पाहू,” ममता म्हणाली. “तिथली पऱ्हाटी चांगली असन, तं मी सोताच्या हातानं हा खांब उतरवतो. संस्थेले काय सांगायचं ते मी सांगीन.”

बोलून गेल्यावर तिला त्यातला धोका दिसला. मोरखंडीत कोणी पेरा उशिरा केला असेल, कोणाचं वाण वेगळं असेल. अळी कुठं पडते, कुठं सोडून देते, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगावं? पण शब्द तोंडातून सुटला होता आणि खेमसिंगनं तो झेलला होता.

“उद्या,” तो म्हणाला. “सकाळी निघू.”

*

ते खेमसिंगच्या बैलगाडीतून गेले. सोबत खेमसिंगची बायको तानाबाई होती. डोंगराला वळसा घालणारा रस्ता दगडांचा. एका ठिकाणी तिघांनाही उतरून चाकाला हात द्यावा लागला. वाटेत तानाबाईनं ममताच्या मांडीवर हात ठेवून हळूच विचारलं, “त्याले सांगतलं काय पोरी, का मी तुयाकडं शिकायले येतो म्हून?”

“नाही.”

“नको सांगू,” म्हणून तानाबाईनं पदर तोंडाला लावला.

सुखीबाई अंगणातच होती. सत्तरीची बाई, अजून जुना पेहराव सोडला नव्हता. घेरदार घागरा, आरसे टाचलेली ओढणी, हातभर बांगड्या. भाऊ अवचित आलेला पाहून तिला आधी धसका बसला. कोण गेलं? भावानं कोणी गेलं नाही म्हणून सांगितलं, तसं तिनं त्याच्या गळ्यात पडून आपल्या रिवाजाप्रमाणं सूर लावून रडून घेतलं आणि मग डोळे पुसून विचारलं, “मंग आला कायले?”

“तुई पऱ्हाटी पाह्यले.”

“ते कायले पाह्यतं? यंदा तं सोन्यावाणी आहे.”

खेमसिंगनं ममताकडे पाहिलं.

शेत घराच्या मागंच होतं आणि पऱ्हाटी खरोखर डोळ्यांत भरावी अशी होती. खेमसिंगनं पहिल्याच ओळीतलं एक हिरवं बोंड तोडलं, दोन्ही अंगठ्यांत धरून फोडलं. आत पांढरीशुभ्र, ओली रुई. त्यानं ते ममतासमोर धरलं. दुसरं तोडलं. तेही स्वच्छ.

“पाह्यलं?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. उलट एक थकलेली सुटका होती. आपल्यावर हे काहून आलं, ह्याचं एक नाव-गाव सापडल्याची.

ममता ओळीच्या आत शिरली. झाडं बाजूला सारत वावराच्या मध्याला गेली आणि जिथं फुलं उमलायची विसरून मिटूनच राहिली होती, तिथं अळीची ती खूण ओळखून थांबली. तिथलं एक बोंड तिनं तोडलं आणि परत येऊन न फोडताच नाईकाच्या हातावर ठेवलं.

खेमसिंगनं ते फोडलं. गुलाबी अळी वळवळत त्याच्या अंगठ्यावर आली.

खेमसिंग स्वतःच आत गेला. बोंडामागून बोंड फोडत तो ओळीच्या टोकापर्यंत गेला, तिकडून दुसऱ्या ओळीनं परत आला. तो आला तेव्हा त्याची बोटं काळी झाली होती आणि धोतराला कीड चिकटली होती. सुखीबाई बांधावर बसून पडलेली बोंडं एकेक उचलून पाहत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. बाहेरून हिरव्या दिसणाऱ्या बोंडावर तिनं लेकाचं लग्न धरलं होतं.

“दवा नाही काय ह्याच्यावर?” तिनं विचारलं.

ममतानं सांगितलं. नर पतंग पकडायचे सापळे असतात, ते फुलं लागायच्या आधी लावायचे. पडलेल्या कळ्या वेचून जाळायच्या. पऱ्हाटी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवायची नाही. कृषी केंद्राच्या माणसानं हे श्रावणातच मोबाइलवरून सांगितलं होतं. तो व्हिडिओ आपल्या केंद्रात तिनं दोनदा लावून दाखवला होता, पण सापळे कोणीच लावले नव्हते.

“श्रावणात सांगतलं?” सुखीबाई उठून उभी राहिली. “तुमच्याकडं सांगतेत, न् आमच्याकडं कोणीच नाही सांगत?”

“तुमच्याकडं नेट नाही ना, मावशी.”

“ते काय असते?”

खेमसिंग मध्येच बोलला. “खांब असते एक. माह्या टेकडीवर लावला आहे. मी काढून टाकणार होतो.”

सुखीबाई भावाकडे वळली. मग ती म्हणाली, “काढत असशीन तं फेकू नको, भिया. अठी आणून लाव.”

जेवताना तिनं ममताला चुलीपाशी आपल्या शेजारी बसवलं आणि आपल्याच ताटातली भाकरी मोडून तिच्यापुढं केली. परतीच्या वाटेवर खेमसिंग गाडी हाकत होता, पण बैल आपल्याच मनानं चालत होते. गाव दिसायला लागल्यावर तो एवढंच म्हणाला, “माणसाले कारण लागते, पोरी. कारण नसलं का झोप नाही येत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ममता टेकडीवर गेली. सैल झालेली तार कोणीतरी ताणून घट्ट केली होती.

*

संघदीप हा संस्थेचा तंत्रज्ञ. सडपातळ, चष्मा लावणारा, प्रत्येक वाक्याआधी विचार करणारा. मोरखंडीला नेट न्यायचा नाईकाचा निरोप ऐकून तो पुसदहून आला आणि टेकडीवर उभा राहून बराच वेळ दुर्बिणीतून डोंगराकडे पाहत राहिला.

“नाही होणार,” तो शेवटी म्हणाला. “एका डिशला दुसरी डिश दिसली पाहिजे. मधात डोंगर आहे.”

“मंग डोंगरावरच लाव,” खेमसिंग म्हणाला.

“लावता येईल. एक खांब माथ्यावर, एक मोरखंडीत. सामान संस्था देते, सरपंचाची परवानगी मी आणतो. पण माथ्यावर गाडी जात नाही, नाईक. लोखंडी पाइप, बॅटऱ्या, सोलरच्या काचा, सिमेंट, पाणी. एवढं वर न्यायले माणसं कुठून आणू?”

“सामानाचं तू पाह्य,” खेमसिंग म्हणाला. “माणसाचं मी पाह्यतो.”

त्यानं पाहिलंही. ठरल्या दिवशी उजाडता उजाडता डोंगराच्या पायथ्याशी तांड्यातली माणसं जमली होती. ममता पोचली तेव्हा तिला दिसलं, की नाल्यापलीकडून तिचा नवरा धम्मरत्न वस्तीतली पंधरा-वीस जणं घेऊन आला आहे. तिनं त्याला सांगितलं नव्हतं. मागून कांताबाई, तिची सासू, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन येत होती.

“तुम्ही कायले आल्या, आई? गुडघे दुखतेत ना तुमचे?”

“दुखू दे,” कांताबाई म्हणाली. “माह्या मोबाइलवर ज्याच्यातून भीमगीत येते, त्याचा भाऊ वर चालला म्हणे. पाह्यतो तरी.”

पाइप खांद्यावर घेऊन माणसं मुंग्यांसारखी चढू लागली. एकानं थकून खांदा काढला की दुसरा त्याच्याखाली शिरे. तो तांड्यातला का वस्तीतला, हे पाहायला कोणाला सवड नव्हती. सोलरच्या काचा बायकांनी गोधड्यांत गुंडाळून डोक्यावर घेतल्या. उकंडानं एक बॅटरी पाठीला बांधली आणि कोणी हात लावायला आलं की तो खेकसे, “राहू दे. हे माही आहे.” अर्ध्या चढावर पाण्याचा हंडा निसटला आणि गडगडत खाली गेला, तेव्हा सगळा डोंगर हसला. आणि माथ्याजवळ येतात न येतात, तो पलीकडून दुसऱ्या माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले. मोरखंडीची माणसं त्यांच्या बाजूनं वाळू आणि पाणी घेऊन वर चढली होती. दोन्हीकडचे घामेजलेले चेहरे माथ्यावर समोरासमोर आले. मग नेमसिंगनं, सुखीबाईच्या लेकानं, डोक्यावरचं घमेलं खाली ठेवून मामाच्या पायाला हात लावला आणि ओरडाआरडा, थट्टामस्करी एकदमच सुरू झाली.

माथ्यावर आणि मोरखंडीतही खांब उभा राहिला. सिमेंट धरल्यावर चार दिवसांनी संघदीप पुन्हा वर आला, सोबत ममता आणि खेमसिंग. डिश मोरखंडीच्या नेमक्या दिशेला वळवायची होती आणि खाली धुकट उन्हात तांडा झाडांत बुडून गेला होता. संघदीप दुर्बीण फिरवत होता, पण त्याला खांब सापडेना.

“आरसा चमकवायचं सांगितलं होतं मी नेमसिंगला,” तो वैतागून म्हणाला.

“थांब,” खेमसिंग म्हणाला. त्यानं डोळ्यांवर हात धरला. “थे पाह्य.”

खाली झाडांच्या फटीत काहीतरी लुकलुकत होतं. एक ठिपका नव्हे, ठिपक्यांचा झुबकाच. हलत, विझत, पुन्हा पेटत. सुखीबाई तांड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना घेऊन खांबाशी उभी होती आणि आरसे टाचलेल्या ओढण्या सगळ्याजणी उन्हात हलवत होत्या.

संघदीपनं हसत डिश वळवली, बोटभर इकडं, बोटभर तिकडं. त्याच्या हातातल्या यंत्रावर एक हिरवा दिवा लागला. मग दुसरा. मग सगळे.

“लागली,” तो म्हणाला.

ममतानं खाली पाहिलं. एका अंगाला वाघदरा, दुसऱ्या अंगाला मोरखंडी. ती वाकून उगाच पायातला काटा काढू लागली. खेमसिंगनं डोक्याचं पागोटं काढलं, झटकलं आणि डोंगराच्या टोकावर उभं राहून एवढ्या मोठ्यानं हाक मारली, की मोरखंडीला नेट नसतं तरी ऐकू गेली असती.

*

त्याच दुपारी तांड्याच्या चावडीपुढं माणसं दाटली होती. ममतानं फोन लावून खेमसिंगच्या हातात दिला. गोल फिरलं, थांबलं आणि पडद्यावर सुखीबाईचं कपाळ दिसलं. मागून नेमसिंगनं हात घालून फोन खाली केला, तेव्हा डोळे दिसले.

खेमसिंगनं मोठं भाषण योजलं होतं. त्यातला एकही शब्द त्याला आठवेना.

“जेवली काय?” त्यानं विचारलं.

सगळे हसले. सुखीबाईही हसली. मग तिनं हात हलवला. “तुहं तोंड पाह्यलं. आता बाजूले हो. मले माहेर दाखव.”

खेमसिंगला आधी कळलं नाही. कळलं, तेव्हा त्यानं फोन उलटा धरला आणि तो चालू लागला. त्यानं विहीर दाखवली. बापाचा ओटा दाखवला. मोठ्या लिंबाखालचं देऊळ दाखवलं, तेव्हा तिकडून नमस्कार करताना बांगड्या वाजल्या. बाया दारांतून बाहेर येत होत्या आणि सुखीबाई एकेकीला नावानं हाका मारत होती. कोणाला सून म्हणून ओळखत होती, कोणाला तिच्या आईवरून. तानाबाई पुढं झाली, तिनं सराईतासारखं पडद्याला बोट लावून चित्र मोठं केलं. खेमसिंगनं चमकून बायकोकडे पाहिलं. ती काहीच झालं नाही अशी मागं सरकली.

तांडा संपला. समोर नाला.

“झालं,” खेमसिंग म्हणाला. “एवढंच तं आहे.”

“थे पोरगी कुठी राह्यते?” सुखीबाईनं विचारलं. “माही भाकर खाल्ली तिनं. तिचं घर दाखव.”

खेमसिंग थांबला. मागून आलेली माणसंही थांबली. नाईक वस्तीत कधी जात नसे, असं नाही. मजूर सांगायला, निवडणुकीला जाई. पण पहिल्या घराच्या अलीकडे, रस्त्यावर उभा राहून हाक मारी आणि उभ्या उभ्याच परते. त्याच्या बापानंही तेच केलं होतं. हे कोणी बोलत नसे आणि कोणाला माहीत नव्हतं असंही नाही.

तो नाल्यात उतरला. दहा पावलांवर सुखीबाईचा चेहरा थिजला, तुकडे तुकडे झाला आणि गेला.

“इथी रेंज नाही,” ममता मागून म्हणाली. तिनं ते हळूच सांगितलं. परत फिरायला एवढं कारण पुरेसं होतं. कोणी नाव ठेवलं नसतं. बहिणीला सांगता आलं असतं, यंत्र बंद पडलं.

खेमसिंगनं काळा झालेला पडदा पाहिला. मग त्यानं धोतर वर खोचलं, गुडघाभर पाण्यातून पाय काढत पलीकडचा चढ चढला आणि वस्तीत शिरला. पहिलं घर गेलं. दुसरं गेलं. समाजमंदिराजवळ फोन पुन्हा वाजला आणि सुखीबाई मोठ्यानं विचारू लागली, “काय झालं? गेला कुठी होता?”

“येऊन राह्यलो ना,” खेमसिंग म्हणाला.

कांताबाई अंगणात तूर पाखडत होती. दारात नाईक उभा पाहून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिनं त्याच्यामागं उभ्या ममताकडे पाहिलं. ममतानं काही खूण केली नाही.

“हे माही बहीण,” खेमसिंग म्हणाला आणि त्यानं फोन पुढं धरला.

दोन म्हाताऱ्या एकमेकींना निरखू लागल्या. “सून चांगली केली तुम्ही,” सुखीबाई म्हणाली. “तुमची लेक चांगली आहे, नाईकीण,” असं कांताबाई गडबडीत बोलून गेली आणि आपल्याच सुनेला तिची लेक केलं म्हणून हसली. मग तिनं सूप खाली ठेवलं, छपराखालच्या बाजेवरची गोधडी झटकली आणि म्हणाली, “बसा.”

खेमसिंग बसला. कांताबाई आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. पेला घेताना खेमसिंगला दोन्ही हात मोकळे लागले, म्हणून त्यानं फोन बाजेवर उताणा ठेवून दिला.

“भिया,” बाजेवरून आवाज येऊ लागला, “मले काही दिसत नाही. नुसते टिन दिसून राह्यले. अरे, वर धर ना मले!”

अंगणाच्या कुडाशी माणसं दाटत होती, दोन्ही बाजूंची. ममता फोनच्या अगदी जवळ उभी होती. तिनं हात पुढं केला नाही.

खेमसिंग पाणी पीत होता. त्याला घाई नव्हती. पेला रिकामा झाला, तेव्हा त्यानं तो कांताबाईपुढं धरला.

“अजून द्या थोडं,” तो म्हणाला.